वाचकांचे प्रश्न : पस्तीस आणि बावन्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओझरतं लिहिलं होतं, की अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचं जिवाणू फोडणारं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) असतं आणि त्याचा आकार १९६५ साली क्ष-किरणांनी उलगडला. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मी नोकरीची अठ्ठावीस वर्षं प्रथिनांचे स्फटिक वाढवत आले आणि माझ्या हाताने वाढलेला पहिला स्फटिक लायसोझाइमचाच होता. त्यामुळे या खेपेचं सगळं सदर या एका रेणूला देते आहे. पहिलं उत्तर बरंच लांबलं आहे, पण तो प्रश्नच तसा होता.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विकराचं काम आम्ही कुलूप-किल्लीच्या उपमेने समजावतो. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, पण किल्ली फिरवतं कोण?" मी निरुत्तर झाले. आणि तुम्ही म्हणता तो आकार पाहिला तरी कसा? सूक्ष्मदर्शकातून एवढं दिसतं का?

उत्तर : बाई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. तिने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर यांची, १८९४ सालची. कोण कोणात बसतं एवढं ती सांगते. बसल्यावर पुढे काय होतं, यावर ती गप्प आहे. किल्ली फिरवणारा कोण, हे डोळ्यांनी दाखवता आलं ते पहिल्यांदा लायसोझाइममध्ये. म्हणून तर या रेणूवर माझा जीव आहे.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यावाचून पहिला सुटणार नाही. लायसोझाइमचा रेणू लांबीला साडेचार नॅनोमीटर, रुंदीला तीन. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबीच मुळी ४०० ते ७०० नॅनोमीटर. एवढ्या मोठ्या लाटेला एवढीशी वस्तू जाणवतच नाही, मग भिंग कितीही उत्तम असो. क्ष-किरणांची तरंगलांबी सुमारे ०.१५ नॅनोमीटर, म्हणजे अणूअणूंमधल्या अंतराच्या जवळपास. ते चालतात. पण विखुरलेले क्ष-किरण गोळा करून रेणूचं चित्र उमटवील असं भिंग आपल्याकडे नाही, आणि एकट्या रेणूवरून येणारे किरण फारच क्षीण. म्हणून स्फटिक लागतो. स्फटिकात रेणू कवायतीसारखे ठरलेल्या ओळींत उभे असतात आणि सगळे मिळून एकच गोष्ट मोठ्याने सांगतात. लायसोझाइमच्या नेहमीच्या स्फटिकात जी पेटी पुन्हापुन्हा रचलेली असते, ती ७९ अँगस्ट्रॉम लांब, तेवढीच रुंद आणि ३८ अँगस्ट्रॉम उंच. अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. एका पेटीत आठ रेणू. मिठाच्या कणाएवढ्या, ०.३ मिलिमीटरच्या स्फटिकात किती रेणू झाले याचा मी एकदा हिशेब केला होता. सुमारे नऊ कोटी कोटी!

अशा स्फटिकावर क्ष-किरणांचा झोत टाकला की मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात, काही ठळक, काही पुसट. प्रत्येक ठिपका म्हणजे एका लाटेची ताकद. सगळ्या लाटा पुन्हा एकमेकींत मिसळल्या तर रेणूचं चित्र मिळेल. पण मिसळायच्या तर कुठली लाट पुढे होती नि कुठली मागे, हेही माहीत हवं, आणि ठिपका नेमकं तेच सांगत नाही. पदार्थविज्ञानात याला लाटेची कला म्हणतात. ही हरवलेली कला शोधायला स्फटिकात पारा, युरेनियम असले जड अणू मुरवतात. रेणू जागचा हलत नाही, फक्त ठिपक्यांची ताकद थोडी बदलते, आणि त्या फरकावरून कलेचा माग काढता येतो. सांगायला चार ओळी लागल्या, पण हे काम वर्षानुवर्षांचं होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ६ अँगस्ट्रॉमचं धूसर चित्र मिळवलं आणि १९६५ साली २ अँगस्ट्रॉमचं. त्याआधी मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन यांची रचना कळली होती, पण ती प्रथिनं ऑक्सिजन वाहतात वा साठवतात. रासायनिक बंध तोडणारं विकर त्या आधी कुणीही असं पाहिलं नव्हतं.

दिसलं काय? १२९ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या छोट्या रेणूंची, एक सलग साखळी. ती कुठल्या क्रमाने ओवली आहे हे १९६३ साली फ्रान्समध्ये जोलेस यांच्या आणि अमेरिकेत कॅनफिल्ड यांच्या प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने ठरलं होतं. आता तिची घडी दिसली. गंधकाच्या चार पुलांनी ती जागोजागी टाचलेली आहे. एका बाजूला नागमोडी मळसूत्रांचा गोळा, दुसऱ्या बाजूला शेजारीशेजारी पट्ट्या लावल्यासारखा भाग. ही पट्ट्यांची रचना कागदावर १९५१ सालीच मांडलेली होती, पण प्रथिनाच्या स्फटिकचित्रात ती पहिल्यांदा इथे सापडली. आणि या दोन भागांच्या मधोमध एक खोल घळ. डोंगरातली घळ असते ना, दोन कडे आणि मध्ये चिंचोळी वाट, अगदी तशी.

आता जिवाणूकडे वळू. त्याच्या भोवती पेशीभित्तिका असते. ती विणलेली असते म्हणा ना. तिचे लांब धागे साखरेचे आणि त्यांना आडवे जोडणारे दुवे पेप्टाइडचे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचे. साखरेच्या धाग्यात दोन प्रकारच्या शर्करा आलटून पालटून येतात. त्यांची लांबलचक नावं टाळून प्रयोगशाळेत आम्ही नॅग आणि नॅम म्हणतो. नॅग, नॅम, नॅग, नॅम असा तो धागा. नॅमला बाजूला एक जास्तीचा फाटा असतो आणि त्यालाच पेप्टाइडचा दुवा जोडलेला असतो. लायसोझाइम हा धागा तोडतं, तेही नॅमनंतर नॅग येते तिथेच. नॅगनंतर नॅम येते तो बंध ते तोडत नाही. धागे तुटले की भिंत सैल पडते. पाणी आत शिरतं आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो.

घळीत बंध नेमका कुठे तुटतो हे ज्या तर्काने ठरलं, तो मी आयुष्यात वाचलेल्या सुंदर तर्कांपैकी एक आहे, म्हणून जरा सावकाश सांगते. तीन नॅगचा एक छोटा तुकडा लायसोझाइमला चिकटतो पण सहसा तुटत नाही. उलट तो घळ अडवून बसतो. फिलिप्स यांच्या गटातल्या लुईस जॉन्सन यांनी असे अडवणारे तुकडे स्फटिकात मुरवून त्यांचं चित्र घेतलं. तीन नॅग घळीच्या वरच्या अर्ध्या भागात बसलेल्या दिसल्या. त्या तीन जागांना ए, बी, सी म्हणू. खाली घळ रिकामी होती. प्रतिकृती बांधून पाहिल्यावर तिथे आणखी तीन शर्करा मावतील असं दिसलं : डी, ई, एफ. एकूण सहा जागा झाल्या.

बंध तुटतो तो नॅम-नॅग असा. आता सी या जागी नॅम बसूच शकत नाही, तिचा तो जास्तीचा फाटा घळीच्या भिंतीला आपटतो. म्हणजे सी मध्ये नॅगच हवी. मग आळीपाळीने नॅम येणार बी, डी आणि एफ मध्ये. म्हणजे नॅम-नॅग हा बंध सहा जागांच्या आत दोनच ठिकाणी येतो : बी आणि सी यांच्यामध्ये, नाहीतर डी आणि ई यांच्यामध्ये. पण तीन नॅगचा तुकडा ए, बी, सी मध्ये बसून असतो आणि तुटत नाही. बी-सी बाद. उरला डी-ई. आणि फिलिप्स यांनी प्रतिकृतीत डी आणि ई यांच्या मधल्या बंधापाशी शोध घेतला, तेव्हा त्याच्या दोन अंगांना दोन आम्लं उभी होती. एका कड्यावर साखळीतलं पस्तिसावं, ग्लुटामिक आम्ल. समोरच्या कड्यावर बावन्नावं, अ‍ॅस्पार्टिक आम्ल.

तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, किल्ली फिरवतात ती ही दोघं.

फिरवतात कशी? पस्तिसावं ज्या कोपऱ्यात आहे तिथे आजूबाजूला पाण्याशी फटकून वागणारी अमिनो आम्लं आहेत. त्यामुळे ते आपला हायड्रोजन सोडत नाही, राखून ठेवतं. बावन्नावं उघड्या, ध्रुवीय शेजारात आहे. त्याने हायड्रोजन केव्हाच सोडलेला असतो आणि त्याच्यावर ऋण प्रभार असतो. दोन आम्लं, स्वभाव जवळजवळ सारखा, पण शेजार वेगळा म्हणून एक देणारं, एक सावरणारं. शर्करेचा धागा घळीत बसला की पस्तिसावं आपला हायड्रोजन दोन शर्करांमधल्या ऑक्सिजनला देतं आणि बंध सुटतो. ई-एफ कडचा तुकडा निघून जातो. डी मधली शर्करा क्षणभर धन प्रभाराने अस्थिर होते, तिला बावन्नावं सावरून धरतं. मग पाण्याचा रेणू येऊन तुटलेलं टोक पुरं करतो आणि पस्तिसाव्याला त्याचा हायड्रोजन परत मिळतो. विकर पुन्हा कामाला तयार. डी मधल्या शर्करेला तर आत बसताना आपला खुर्चीसारखा आकार सोडून थोडं सपाट व्हावं लागतं. म्हणजे अर्धं तोडकाम बसण्यातच होतं. कुलूपही अगदी निर्जीव नाही. तुकडा आत आला की घळीचा एक कडा अँगस्ट्रॉमहून कमी, पण मोजता येईल इतका आत सरकतो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बावन्नावं नुसतं जवळ राहून सावरतं, शर्करेला प्रत्यक्ष बंधाने धरत नाही, हे मत फिलिप्स यांचं होतं आणि पुढची पस्तीस वर्षं बहुतेक पुस्तकांत तेच छापलं गेलं. डॅनियल कॉशलँड यांनी तर १९५३ सालीच अशा विकरांसाठी वेगळा मार्ग सुचवला होता : विकर आणि शर्करा यांच्यात काही काळ खरोखरचा बंध जुळतो आणि मग पाणी तो सोडवतं. वाद मिटला २००१ साली. पस्तिसाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामाइन बसवलं, शर्करेत फ्लोरिन घातलं आणि सगळी क्रिया इतकी मंदावली, की मधली अवस्था पकडता आली. वस्तुमानमापकावर वजन केलं तर विकर शर्करेच्या वजनाइतकं जड निघालं. स्फटिकाचं चित्र घेतलं तर बावन्नाव्याशी जुळलेला बंध दिसला. घळ, सहा जागा, डी-ई, पस्तीस आणि बावन्न यांबाबत फिलिप्स बरोबर होते, शेवटच्या पायरीबाबत नव्हते. तुमच्या हातात जुनं पुस्तक असेल तर एवढी दुरुस्ती करूनच शिकवा.

वर्गात करून बघण्याजोगी एक गोष्ट सुचवते. १२९ मणी एका जाड तारेत ओवा. पस्तिसावा तांबडा, बावन्नावा निळा. तार सरळ धरली की दोघांमध्ये सोळा मणी. मग मुलांना तार अशी वळवायला सांगा, की तांबडा आणि निळा समोरासमोर येतील आणि मध्ये पेन्सिल जाईल एवढीच फट राहील. अर्धा तास जाईल. पण साखळीतला क्रम आणि घडीतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या हातांना कळेल.

प्रश्न : मी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. लायसोझाइम फ्लेमिंगनेच शोधलं असं वाचलं. मग नाव झालं ते पेनिसिलीनचं, याचं का नाही? आणि अंड्यात एवढं जिवाणूनाशक असूनही अंडं नासतं कसं?

उत्तर : हो, फ्लेमिंग यांनीच, १९२१ साली, पेनिसिलीनच्या सात वर्षं आधी. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये काम करत असताना त्यांना सर्दी झाली होती. स्वतःच्या नाकातला शेंबूड त्यांनी जिवाणू वाढवायच्या बशीत टाकून पाहिला आणि त्याच्या आसपासचे पिवळे जिवाणू विरघळून गेलेले दिसले. पुढे त्यांना तोच गुण अश्रूंत आणि लाळेत सापडला. अश्रू मिळवायला ते लिंबाच्या सालीचा रस डोळ्यांत उडवत, स्वतःच्याही आणि सहकाऱ्यांच्याही. अंड्याच्या पांढऱ्या भागात तर हे द्रव्य भरपूर निघालं. पांढऱ्या भागाचा सुमारे दहावा हिस्सा प्रथिनं, आणि त्या प्रथिनांत साडेतीन टक्के लायसोझाइम. म्हणजे एका अंड्यात साधारण ०.१ ग्रॅम.

औषध का झालं नाही, याचं उत्तर त्या पिवळ्या जिवाणूतच आहे. तो निरुपद्रवी होता. ज्यांनी आपण आजारी पडतो, त्यांतल्या बहुतेकांवर लायसोझाइम फिकं पडतं. ग्राम निगेटिव्ह जिवाणूंच्या भिंतीबाहेर आणखी एक पटल असतं. घळ कितीही नेमकी असली तरी धाग्यापर्यंत पोचताच येत नाही. ग्राम पॉझिटिव्हांपैकी स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्यांनी आपल्या नॅमवर एक छोटा असिटिल गट चढवून ठेवला आहे, तो घळीत अडतो. आणि हे स्वाभाविकच आहे. आपल्या नाकात, डोळ्यांत, तोंडात हे विकर सतत पाझरत असतं. तिथे राहायला शिकलेले जिवाणू याला तोंड द्यायला शिकूनच आले असणार. लायसोझाइमने ज्यांना अडवलं ते आजाराच्या यादीत आलेच नाहीत. मला ही त्याची मोठी कामगिरी वाटते, जरी बाटलीत भरून विकता आली नाही.

अंडं नासतं तेही मुख्यतः ग्राम निगेटिव्ह जिवाणूंमुळे. तरी पांढरा भाग एकट्या लायसोझाइमवर विसंबून नसतो. ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन लोह धरून ठेवतं, अ‍ॅव्हिडिन हे बायोटिन नावाचं जीवनसत्त्व धरून ठेवतं. जिवाणूला वाढायला दोन्ही लागतात. शिवाय अंडं जुनं होत जातं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निसटतो आणि पांढऱ्या भागाचा पीएच साडेसातच्या आसपासचा नऊच्या वर जातो. इतकी अल्कता पुष्कळ जिवाणूंना मानवत नाही. कवचाला तडा गेला किंवा ते ओलं राहिलं, की एवढा सगळा पहारा असूनही आत शिरकाव होतो.

प्रश्न : माझ्या मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. चीजच्या वेष्टनावर "ई ११०५" असं दिसलं. त्याचा अंड्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तुम्ही ते वाचलंत हे फार बरं केलंत. ई ११०५ म्हणजे लायसोझाइम, आणि ते अंड्याच्या पांढऱ्या भागातून काढलेलं असतं. मुरत ठेवलेल्या चीजमध्ये क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू काही आठवड्यांनी वायू तयार करून चीज फुगवतात, फोडतात. त्यांचे बीजाणू दूध तापवूनही मरत नाहीत. ते रुजून वाढू लागले की लायसोझाइम त्यांना अडवतं. अंड्याच्या अ‍ॅलर्जीला कारण होणाऱ्या प्रथिनांत लायसोझाइमही मोजलं जातं. तेव्हा असं चीज मुलाला देऊ नका. त्याच्या डॉक्टरांनी तपासून चालेल म्हटलं तरच द्या.

प्रश्न : आपल्या आसवांतलं लायसोझाइम आणि कोंबडीच्या अंड्यातलं, दोन्ही एकच का?

उत्तर : एक नाही, पण सख्खी भावंडं म्हणा. आपल्यातलं १३० अमिनो आम्लांचं, कोंबडीतलं १२९. त्यांतली सुमारे साठ टक्के जागच्या जागी तीच. घडी तीच, घळ तीच. साखळीत एक मणी जास्त असल्याने आपल्यात ती जोडी पस्तीस आणि त्रेपन्न अशी होते.

या घराण्यातल्या आणखी दोघांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गायीच्या आणि वानराच्या, म्हणजे पानं खाणाऱ्या लंगुराच्या पोटात पाल्याचं पचन आधी जिवाणू करतात आणि मग त्या जिवाणूंनाच पचवायचं असतं. त्या कामासाठी दोघांच्याही जठरात लायसोझाइम जमवलेलं सापडतं. आम्लात काम करणारं, जठरातल्या पेप्सिनला दाद न देणारं. गाय आणि लंगूर यांचं नातं फार लांबचं, पण त्यांच्या लायसोझाइममध्ये काही बदल मात्र अगदी तेच आणि त्याच जागी झालेले आहेत. प्रत्येकाने ते स्वतंत्रपणे मिळवले. हे १९८७ साली दाखवलं गेलं. दुसरं भावंड दुधातलं अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. घडी लायसोझाइमसारखीच, पण ते काहीही तोडत नाही. उलट दुधातली साखर, लॅक्टोज, जोडायला मदत करतं. घर तेच ठेवून धंदा पार बदललेला.

प्रश्न : मी बारावीत आहे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत लायसोझाइमचा स्फटिक वाढवता येईल का? शिक्षक मदत करायला तयार आहेत.

उत्तर : येईल, आणि तू जरूर वाढव. प्रथिनांचे स्फटिक करायला शिकणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण याच्याइतकं सहज जमून येणारं प्रथिन दुसरं नाही. १९४६ साली तर अंड्याच्या पांढऱ्या भागातच ५ टक्के मीठ घालून, पीएच ९.५ करून, थेट स्फटिक मिळवल्याची नोंद आहे. तू मात्र शुद्ध केलेली पूड घे.

०.१ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ४.६. त्यात मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम प्रमाणात पूड विरघळव. हलक्या हाताने ढवळ, फेस येऊ देऊ नकोस, फेसात प्रथिन बिघडतं. दुसऱ्या भांड्यात त्याच अ‍ॅसिटेटमध्ये ६ टक्के मीठ. एका छोट्या खोलगट भांड्यात हे खारं पाणी मिलिलिटरभर ओत. पातळ काचेच्या चकतीवर प्रथिनाचे २ मायक्रोलिटर आणि खाऱ्या पाण्याचे २ मायक्रोलिटर यांचा एकच थेंब कर. चकती उलटी करून भांड्यावर ठेव, थेंब खाली लोंबता राहील अशी, आणि कडेने ग्रीस लावून हवाबंद कर. थेंबात मीठ निम्मं असल्याने त्यातलं पाणी हळूहळू वाफ होऊन खालच्या पाण्याकडे जातं. थेंब आटत जातो आणि रेणू एकमेकांना धरून रांगा लावू लागतात. घाई झाली तर नुसता पांढरा साका बसतो. मीठ कमी असेल तर थेंब स्वच्छच राहतो. म्हणून एकच थेंब न लावता ४, ५, ६, ७ आणि ८ टक्क्यांचे वेगवेगळे लाव.

तापमानाकडे लक्ष ठेव, १८ ते २० अंश सेल्सिअस उत्तम. मी ज्या संस्थेत होते तिथे एका जोडसुट्टीत, लेखी विनंती देऊनही, वातानुकूलन बंद केलं गेलं. परतल्यावर थेंबांत स्फटिक होते, पण नेहमीचे जाडजूड, ठोकळ्यासारखे नव्हते. लांबट, दांडीसारखे आले होते. सुमारे २५ अंशांच्या वर लायसोझाइमचे रेणू वेगळ्या पद्धतीने रचले जातात, पेटीची मापं बदलतात. आधी घेतलेल्या मोजमापांशी ते स्फटिक जुळवता येईनात. सहा आठवड्यांचं काम तिथेच थांबलं. त्याचं दुःख मला आजही आहे. तुझ्या थेंबावर रोज सकाळी तापमान लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघ. कडा धारदार, पृष्ठं सपाट, आतून पाण्यासारखं नितळ. मिठाचा नव्हे, प्रथिनाचाच आहे हे ओळखायला एका स्फटिकाचा मोह सोड आणि त्याला सुईच्या टोकाने दाब. मीठ असेल तर सुई कडक वस्तूला लागल्याचं बोटाला जाणवतं. प्रथिनाचा स्फटिक ओल्या साबणासारखा भुगा होतो, कारण त्याच्या घनफळात चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणीच आहे. दुसऱ्या थेंबात मिथिलीन ब्लूचा अगदी बारीकसा थेंब सोड. पाण्याच्या वाटांनी रंग आत शिरतो आणि स्फटिक निळा होत जातो. मिठाचा तसाच राहतो. याच वाटांनी जॉन्सन यांनी आपले शर्करेचे तुकडे आत सोडले होते. स्फटिकातही घळ उघडीच असते.

ध्रुवित प्रकाशाची सोय असेल तर चकती फिरवत बघ. स्फटिकाची चौरस दिसणारी बाजू समोर नसेल तर त्यात रंग येतात-जातात. थेंब उघड्यावर फार वेळ ठेवू नकोस, काही मिनिटांत आटतो आणि स्फटिकाला भेगा पडतात.

स्फटिक आले तर मिठाचं प्रमाण, तापमान आणि किती तासांनी दिसले ते लिहून पाठव. आले नाहीत तरी पाचही थेंबांचं वर्णन पाठव, कुठला स्वच्छ राहिला आणि कुठल्यात साका बसला. तेवढ्यावरून पुढचं प्रमाण सांगता येईल.